हिंगवाळ्याचं उत्तर

९ फेब्रुवारी, रविवार. जळगाव

दहा लाख झाले! सकाळी दात घासत होतो तेव्हा अभिमनचा, माझ्या गाण्यांचे व्हिडिओ काढून यूट्यूबवर लावणाऱ्या दोस्ताचा फोन. नुसता "दहा, दहा" ओरडत होता, मला आधी कळेना की हा कसली वेळ सांगतोय. मग कळलं, आमचं गाणं दहा लाख लोकांनी पाहिलं. तेही अहिराणी गाणं. ठिबकच्या कंपनीत पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, "युवराज, इथे नीट मराठीत बोलायचं." परवा तोच बाबा कॅन्टीनमध्ये टेबलावर बोटांनी माझाच ठेका वाजवत होता. मी काही बोललो नाही, फक्त शेजारी जाऊन बसलो. कंपनीने दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडली होती. आजपासून लिहायची.

गाणं कसं सुचलं तेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या अभिमन म्हणेल त्यालाच सुचलं. डिसेंबरात ज्योतीचा फोन आला. ज्योती माझी धाकटी बहीण. आमच्या सांगवणहून नाला ओलांडला की हिंगवाळे, तिथे दिलेली. नाल्याच्या अलीकडे जळगाव जिल्हा, पलीकडे धुळे. तिच्या पोराचं, अडीच वर्षांच्या माझ्या भाच्याचं, जाऊळ काढायचं होतं. म्हणाली, "भाऊ, मामानी मांडीवर बसाडनं पडस, तू येजो. आनी येताना पानीना दोन जार लई ये, आमना आड आटी गया." मी हसलो आणि फोनवरच गाऊन दाखवलं:

हिंगवाळाले जाशी तं हंडा लई जाय,
पाव्हना देखीसन तठे आड आटी जाय!

तीही हसली. म्हणजे हसल्याचा आवाज आला. त्या ओळीनेच पुढचं सगळं गाणं ओढून आणलं. जाऊळाला काही जाणं झालं नाही, नेमकी तीच तारीख स्टुडिओची मिळाली. भाच्याला भारीतला ड्रेस कुरिअरने पाठवला.

अशी शिवीची गाणी आमच्याकडे नवी नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवायला दोन्ही गावच्या बायका नाल्यावर येतात आणि या काठावरून त्या काठाला गाण्यातून शिव्या घालतात. इकडून शिवी, तिकडून उत्तर. ज्यांना उत्तर सुचलं नाही ते गाव हरलं. दिवस मावळला की शिव्या तिथेच टाकून सगळ्या घरी जातात. मी लहानपणी मायच्या कडेवर बसून हे सगळं ऐकलंय. तेच डीजेच्या ठेक्यावर बसवलं, एवढंच माझं कसब. पण कसब आहेच की!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सुरतहून बन्सीलाल नावाच्या माणसाचा फोन आला. माझा नंबर गाण्याखाली आहे. लूमवर काम करतो, मूळचा पारोळ्याकडचा. म्हणाला, "भाऊ, तीस वरीस व्हयनात सुरतले. मनी पोरं इचारेत, पप्पा, तुम्ही फोनवर गावकडे कोनती भाषा बोलतस? मी सांगू, काही नही, अशीच शे. लाज वाटे. परवा मनी पोरनी शाळाम्हा तुमना गानावर नाच करा. मास्तरनी इचारं, हाई कोनती भाषा? ती म्हने, अहिराणी, मना बापनी."

एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मी कंपनीच्या गेटबाहेर उभा होतो, शिफ्टवाली माणसं बाजूने जात होती आणि मी डोळे पुसत होतो. याच्यासाठीच गाणी करायची. आता कोणी मला थांबवून दाखवावं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. धुळे

अभिमनच्या मावसभावाचं लग्न होतं, धुळ्याच्या बाहेर एका लॉन्सवर. आपलं गाणं लग्नात प्रत्यक्ष कसं वाजतं ते पाहायला मुद्दाम गेलो. डीजेवाल्याने सुरू केलं आणि अख्खा मांडव उठला. डॉक्टर काय, नवरीच्या मैत्रिणी काय, सगळे अहिराणी गात होते. मी खुर्चीवर चढून व्हिडिओ काढला.

मग एक गंमत झाली. नवरदेवाच्या मित्रांना कळलं की पंगतीत हिंगवाळ्याची सात-आठ माणसं आहेत. त्यांनी रिकाम्या बाटल्या उंच धरल्या आणि त्यांच्याभोवती फेर धरून नाचू लागले. "पाव्हना देखीसन" आलं की बाटली उलटी करायची. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. मीही हसलो. हिंगवाळ्याचे एक आबा होते, पांढऱ्या टोपीचे. त्यांनी ताटातली पोळी तशीच ठेवली, हात धुतले आणि लग्न लागायच्या आधीच निघून गेले. गाडी लांबची असेल.

पण हे मी मुद्दाम लिहून का ठेवतोय, कळत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हिलाल दाजींचा फोन. ज्योतीचा नवरा. शांत माणूस, कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. त्यांच्या बहिणीचं, पुनमचं, एरंडोलकडे जमत आलेलं लग्न फिसकटलं. मुलाकडची माणसं पाहायला आली ती मोबाईलवर गाणं वाजवत. निघताना मुलाचा काका म्हणाला, "नातलग म्हणून वर्षभर हंडे घेऊन यायचं का आम्ही?"

मी म्हणालो, "दाजी, ती आखाजीची मस्करी शे, कोनले समजत नही का?"

दाजी म्हणाले, "आखाजी एक दिवस ऱ्हास, पाव्हना. तुमनी रोज चालू शे." मग म्हणाले की यंदा ज्योती आखाजीला माहेरी येणार नाही. मी विचारलं, तुम्ही पाठवत नाही का? म्हणाले, "आम्ही कसाले अडावसूत. तीच नही म्हनस."

खोटं असणार. आखाजीला माहेरी येत नाही अशी सासुरवाशीण अख्ख्या खान्देशात सापडायची नाही. घरच्यांनी तिला धाक घातला असेल. बघतो मी. तिला आखाजीला आणलं नाही तर नावाचा युवराज नाही.

२ मार्च, रविवार

गाणं काढून टाकलं. अभिमनने पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, तरी काढलं. सोळा लाखांवर होतं.

संध्याकाळपर्यंत पाहिलं तर तेच गाणं तेवीस ठिकाणी होतं. एकाने वर लिहिलंय "ओरिजिनल". डीजेवाल्यांच्या पेनड्राईव्हमधून मी ते कसं काढणार? बन्सीलालचाही मेसेज आला: भाऊ, गाणं दिसत नाही, पोरगी रडते. त्याला काय सांगायचं? त्याच्या पोरीला ज्या गाण्याने बोली मिळाली त्याच गाण्याने पुनमचं लग्न मोडलं. दोन्ही खरं. आज पहिल्यांदा वाटलं की गाणं माझं राहिलेलं नाही.

९ मार्च, रविवार. सांगवण

आज मी जे केलं ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

माझं डोकं असं चाललं: गाण्यात म्हटलं पाणी नाही, मग आपण पाणीच देऊन टाकू. पारोळ्याहून टँकर ठरवला. त्याला बॅनर लावला: "समस्त हिंगवाळे ग्रामस्थांस सप्रेम भेट. गायक युवराज." अभिमन कॅमेरा घेऊन पुढे बसला. त्याचं म्हणणं, माफीचा व्हिडिओ गेला की सगळं शांत होईल. मला ते पटलंही. टँकरवर हार घालण्याची कल्पना मात्र माझी, अभिमनची नाही.

हिंगवाळ्याच्या पारापाशी बायका हंडे लावून बसलेल्या. सरकारी टँकर यायचा होता, आला नव्हता. आमचा टँकर पाहून एकही बाई उठली नाही. अभिमन म्हणाला, "ताई, जरा हंडा पुढे घ्या, फ्रेममध्ये." तेव्हा एक म्हातारी उठली. रुक्माबाई. नाल्यावर हिंगवाळ्याच्या बाजूने हीच पुढे असायची, हिचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. टँकरभोवती एक चक्कर मारून तिने बॅनर वाचून घेतला कोणाकडून तरी. मग माझ्याजवळ आली.

"भाऊ, तू गानाम्हा खोटं बोलना व्हता. आज ते खरं करी दिधं."

मी म्हणालो, "अक्का, मी माफी मांगाले उनू."

"माफी मांगाले मानूस एकटा येस. कॅमेरा लईसन येस का?"

टँकर भरलेला परत आला. हंड्यांच्या रांगेत ज्योती होती. पिवळी साडी, डोक्यावरून पदर. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भाचा तिच्या मांडीला धरून उभा होता, तो मात्र टँकरवरच्या हाराकडे टक लावून पाहत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना अभिमन म्हणाला, "फुटेज चांगलं आलंय." त्याला पारोळ्यातच उतरवून दिलं.

१४ मार्च, शुक्रवार. सांगवण

धुळवड. रंगाला हात लावला नाही.

दुपारी मायला म्हणालो, गाण्यापायी ज्योती रागावली. माय, म्हणजे आमची कमलबाई, दादर ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गानाना राग त्या गावले शे. तिना राग येगळा शे."

"कोनता?"

"जाऊळले कोनी मांडी व्हती, तुले माहीत शे का?"

मला कुठलं माहीत असणार. मायने सांगितलं. दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली, न्हावी घाई करायला लागला. शेवटी शेजारच्या वनाला मामा म्हणून बसवलं. पोरगं त्याच्याकडे कधी जात नाही, त्याच्या मांडीवर त्याने आकांत केला. ज्योती आत जाऊन बसली, बाहेर आलीच नाही.

मी म्हणालो, मी ड्रेस पाठवला होता की. माय म्हणाली, "हा, धाडा व्हता." आणि पुन्हा दादर निवडायला लागली.

मला कळतं की चुकलं. पण स्टुडिओची तारीख परत मिळत नव्हती, आणि ते एका दिवसाचं काम. असल्या गोष्टीवरून कोणी माहेर सोडतं का? मूळ दुखणं गाण्याचंच असणार. गाण्याचं दुखणं गाण्यानेच बरं करायचं. मला आता दिसायला लागलंय कसं ते.

३० मार्च, रविवार. हिंगवाळे

पाडवा. एकटा गेलो, मोटरसायकलवर. फोन मायजवळ ठेवून गेलो. ज्योतीच्या गल्लीत गेलो नाही, थेट रुक्माबाईकडे.

म्हणालो, "अक्का, शिवीले उत्तर ऱ्हास. मन्ही शिवी एकटी फिरी ऱ्हायनी. तुम्ही आमले उत्तर द्या. मना गावले, माले, मना बापजादासले, जे तोंडम्हा येई ते म्हना. मी ते गानं करीसन लावसू. मंग बरोबरी व्हई जाई."

माझ्या मते हा बिनतोड उपाय होता. रुक्माबाई हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग उघड.

"शिवी काय ताक शे का, तपेली लईसन मांगाले उना?"

मी विचारलं, मग कशी मिळते?

"शिवी समोर उभं राहीसन खानी पडस. तुना गावन्या बाया तीन वरीस व्हयनात, नाल्यावर येतस का? तुमनी गौराई डीजेवर जास. आम्ही आमना काठवर उभ्या राहीसन परत येतस. समोर कोनीच नही. आनी तू म्हनस उत्तर द्या. कोनले दिऊत? बाभूळले?"

हे मला माहीतच नव्हतं. तीन वर्षं! मी दर आखाजीला जळगावात ओव्हरटाइम करत होतो आणि नाल्याचं गाणं मात्र मोठ्या तोऱ्यात विकत होतो.

रुक्माबाईने अटी घातल्या. सांगवणच्या बायका आल्या पाहिजेत. पहिली शिवी त्यांनी घालायची, आणि उत्तर संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. नाल्यावर एकही मोबाईल नको. हिंगवाळ्याच्या पुरुषांनी यंदा बायकांना नाल्यावर जायची बंदी केलीय, ते ती पाहून घेईल. "मानसेसनं मी देखी लिसू. तू तुन्या बाया लई ये."

निघताना विचारलं, ज्योती येईल का? म्हणाली, "ते तिले इचार." विचारलं नाही. आधी बायका जमवतो.

६ एप्रिल, रविवार. सांगवण

सकाळी सातपासून दारोदार. निवडणुकीलाही कोणी एवढं हिंडलं नसेल. मायच्या जोडीची सुनंदाबाई म्हणाली, "आमना आवाज कोठे राहिना आते? तुनंच गानं लाव ना, त्या आपसूक हारतीन." दुसरीकडे सुनेने सांगितलं की तिला शिव्या येत नाहीत, तिचं शिक्षण बीएस्सी झालंय. तिसरीकडे म्हणाले, डीजे ठरलाय. सगळ्यांचं एकच, आपण तर जिंकलेलो आहोत! सोळा लाख लोक हिंगवाळ्याला हसले, आता नाल्यावर जाऊन हरायची हौस कोणाला?

मी त्यांना म्हणालो, समोरच्याला बोलू न देता जिंकलो, तर ते जिंकणं कसलं? हे माझ्या तोंडून निघालं आणि माझं मलाच नवल वाटलं.

सर्वांत अवघड माय. "मी मनी आंडेरले, मनी ज्योतीले शिव्या दिसू?" म्हणून घरात निघून गेली. तासाभराने बाहेर आली आणि म्हणाली, "सुनंदाले बोलाव. ती नही उनी तं मना संगे पहिलं कडवं कोन धरी?"

संध्याकाळपर्यंत नऊ बायका झाल्या. बीएस्सीवालीही आहे. तिला जुन्या शिव्या शिकवायचं काम सुनंदाबाईने घेतलंय. मागच्या अंगणातून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

१६ एप्रिल, बुधवार. जळगाव

अभिमन महिन्याभराने भेटायला आला, सोबत एका महोत्सवाचे संयोजक. जळगावात मोठा कार्यक्रम, "खान्देशची अस्मिता" असं नाव, पंधरा हजार माणूस, शेवटचं गाणं माझं. तेच गाणं. तारीख तीस एप्रिल. आखाजी.

मी म्हणालो, जमणार नाही.

संयोजक समजावत राहिले. इतकी वर्षं आपल्या बोलीला कोणी विचारलं नाही, आता एका गाण्याने सगळा खान्देश एक होतोय, अशा वेळी तुम्ही माघार घेता? त्यांचं काही चूक नव्हतं. मला सुरतचा बन्सीलाल आठवला. खरं सांगतो, क्षणभर डगमगलो. पंधरा हजार माणसं माझी ओळ म्हणतील आणि मी फक्त माईक पुढे धरायचा, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

अभिमन म्हणाला, "एका गावासाठी तू अख्खा खान्देश सोडतोस?"

मी म्हणालो, "हिंगवाळं खान्देशम्हा येस ना रे?"

संयोजक उठले. अभिमन बसून राहिला. मग म्हणाला, "तू बदलला." म्हणालो, अजून नाही, पण जोर लावतोय. रात्रपाळी होती, निघालो.

२७ एप्रिल, रविवार. सांगवण

बायका अठरा झाल्या. डीजे रद्द. रुक्माबाईकडून निरोप आला: येतो. ज्योतीचं काही नाही. माय तिच्यासाठी खापरावरच्या पोळ्यांचं पीठ वेगळं काढून ठेवतेय. मीही धरून चाललोय की उत्तर झालं, बरोबरी झाली की ती नाल्यातून सरळ घरी येईल. ठरलेलंच आहे तसं माझ्या मनात.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

चार वाजता निघालो. बायका गौराया डोक्यावर घेऊन पुढे, आम्ही पुरुष मागे. मोबाईल सगळ्यांचे मारुतीच्या देवळात ठेवले, पुजाऱ्याकडे अख्खं टोपलं भरलं. नाल्याला थेंब नाही, नुसती वाळू. पुरुषांनी बाभळीखाली थांबायचं, तोंड उघडायचं नाही.

समोरचा काठ रिकामा. पंधरा मिनिटं गेली. सुनंदाबाई म्हणाली, "देखं? नही येत त्या." आणि तेवढ्यात चढावर रुक्माबाईची काठी दिसली. मागे बायकाच बायका. तीस-पस्तीस तरी असतील. पिवळी साडी तिसऱ्या रांगेत होती.

अटीप्रमाणे पहिली शिवी आमची. मायने आणि सुनंदाबाईने धरली, जुनीच, हिंगवाळ्याच्या जावयाची. मागून सोळा जणींनी उचलली. रुक्माबाईने तिथल्या तिथे सांगवणच्या सासवांचं उत्तर फेकलं. मग आमची, मग त्यांची. बीएस्सीवालीने तर असं कडवं टाकलं की तिचा नवरा बाभळीमागे गेला. मी वाट पाहत होतो की हंड्याच्या ओळीचं उत्तर कधी येतं. ते माझ्यावर येणार होतं, मी तयार होतो. छाती पुढे काढून उभा होतो म्हटलं तरी चालेल.

मग रुक्माबाईने हात वर केला. सगळ्या थांबल्या. ती मागे सरली आणि तिसऱ्या रांगेतून ज्योती पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने कमरेला खोचला. आमच्याकडे, स्वतःच्या माहेराकडे, स्वतःच्या मायकडे तोंड करून उभी राहिली. लग्न झाल्यापासून मी तिला गाताना ऐकलेलं नव्हतं.

सांगवणना गवय्या गाजना मुलूखभर,
लाख लोके वळखतस, वळखे नही घर.
भाचा इचारे मायले, मामा केवढा ऱ्हास?
माय म्हने, मोबाईलम्हा बोटएवढा ऱ्हास!

पहिल्यांदा आमच्याच बायका हसल्या. मग दोन्ही काठ. वाळूवरून हसण्याचा असा लोट आला की बाभळीवरचे बगळे उडाले. ज्योती हसली नाही. तिने तेच कडवं पुन्हा म्हटलं, आणि शेवटच्या ओळीला बोट वर करून दाखवलं, मामा केवढा ते. आता मागे तीस जणी होत्या. "बोटएवढा ऱ्हास!" त्यांच्यात पुनमही होती, घसा फाडून ओरडत होती.

पाण्याचं नाव नाही, आडाचं नाव नाही. मी ज्या उत्तराची तयारी करून आलो होतो ते आलंच नाही. एवढ्या सगळ्यांसमोर मला लाज वाटली, आणि त्या लाजेतही कळत होतं की हे कडवं माझ्या सगळ्या गाण्यांपेक्षा सरस आहे. डिसेंबरात फोनवर भाच्यासाठी एक मांडी मागितली होती तिने. मी त्यातून गाण्याची ओळ तेवढी घेतली आणि मांडी नेली नाही.

सगळ्यांनी मायकडे पाहिलं. उत्तर आता तिने द्यायचं. तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, हसतेय की रडतेय कळेना. सुनंदाबाई कानात काही सुचवत होती, मायने मान हलवली.

"हारनात!" रुक्माबाई ओरडली. "सांगवण हारनं! आमनी ज्योतीनी हाराडं!"

हिंगवाळ्याच्या बायकांनी ज्योतीला मधे घेतलं आणि फुगडी घातली. तिची सासू, जिने म्हणे फेब्रुवारीपासून तिच्याशी धड शब्द काढला नव्हता, तिच्या कपाळाला गौराईचं कुंकू लावत होती. दिवस मावळला. गौराया वाळूत ठेवल्या. मी बाभळीखालून पुढे निघालो, तोवर त्या सगळ्या गात गात चढ चढायला लागल्या होत्या. पिवळी साडी मधोमध. तिने मागे वळून पाहिलं का, मला दिसलं नाही.

ती घरी आली नाही. दोन महिने एवढ्याचसाठी धडपडलो होतो.

१ मे, गुरुवार. सांगवण

सकाळी शाळेत झेंडावंदन होतं, भोंग्यावर महाराष्ट्राची गाणी चालू होती. अभिमनचा फोन आला. काल महोत्सवात माझ्या जागी दुसऱ्याने गाणं म्हटलं, ठीक झालं म्हणे. नाल्यावर काय झालं ते त्याच्याही कानावर गेलं होतं. "त्या कडव्याचा व्हिडिओ आहे का? आजच्या आज लावू." नाही म्हणालो. "मग निदान शब्द पाठव." म्हणालो, शब्द ज्योतीचे आहेत, तिला विचार. मग म्हणाला, "नंबर दे." दिला.

माय चुलीपुढे होती. काल पोळ्या झाल्याच नाहीत, ते पीठ आज लावत होती. हात खापरावर आणि तोंडाने गुणगुणत होती. भोंग्याच्या आवाजात मला आधी कळलं नाही. मग कळलं: "सांगवणना गवय्या गाजना मुलूखभर." स्वतःच्या पोराला घातलेली शिवी, स्वतःच्या गावाला हरवलेली शिवी. तिसऱ्या ओळीपर्यंत गेली आणि अडली.

"भाचा इचारे मायले, मामा केवढा ऱ्हास... मंग काय रे पुढे?"

मी दारात उभा होतो. म्हटलं पुढचं. नुसतं सांगितलं नाही, चालीत म्हटलं. माय हसली. खूप दिवसांनी असं तिचं हसणं ऐकलं.

मी विचारलं, "माय, ती काब नही उनी वं?"

"काल कशी येई ती? काल ती जिकनी व्हती. जिकेल मानूस आपला गावसंगे जास." तिने पोळी उलटली. "कालपावत ती त्यासनी वहू व्हती. इतला दिन त्या घरम्हा मान खाल घालीसन बसनी मनी पोर, तुनापायी. काल त्यासनी तिले डोकावर लिधी. हाई तुनं गानं करी शकतं का?"

नसतं करू शकलं. सोळा लाखांचं असलं तरी.

"मंग मी जास. तिले लई येस," मी म्हणालो आणि मोटरसायकलची किल्ली उचलली.

"तिले लेवाले नको जाऊ." मायने खापरावरून नजर उचलली. "ती येई, तिले वाटी तव्हय. तू भाचाले देखाले जाय."

हे एवढं लिहून निघतोय. त्याच्यासाठी काय न्यावं ते सुचत नाही, आणि मायला विचारलं तर ती म्हणते काही नेऊ नको, तिथे जाऊन खाली मांडी घालून बस.